गादी सोडलेल्या राजाचं पुढे काय होतं?

पायवाट

मागच्या महिन्यात कामासाठी आठ दिवस कानपुरात होतो. रविवार मोकळा मिळाला म्हणून बिठूरला गेलो. वीस-बावीस किलोमीटर. ब्रह्मावर्त घाट, ब्रह्मदेवाची खुंटी, माकडं आणि संथ गंगा. नावाडी बडबड्या होता. नानासाहेब झाले, राणी लक्ष्मीबाईचं बालपण झालं, तात्या टोपे झाले. मी विचारलं, "और बाजीराव पेशवा?" वल्हं न थांबवता म्हणाला, "वो तो पेंशनवाले थे ना?"

तेव्हापासून हे डोक्यातून जाईना. ३ जून १८१८ ला दुसरा बाजीराव कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला. वय ४३. अटी काय, तर स्वतःचा आणि वारसांचा राज्यावरचा हक्क सोडायचा, दख्खनमध्ये परत पाऊल टाकायचं नाही, त्या बदल्यात वर्षाला ८ लाख रुपये. वारला २८ जानेवारी १८५१ ला. म्हणजे पेशवेपद २१-२२ वर्षं आणि पेन्शन साडेबत्तीस वर्षं! आपण शाळेत 'पळपुटा' एवढं शिकून पुढच्या धड्याला गेलो. पण पुढची बत्तीस वर्षं हा माणूस रोज सकाळी उठून करत काय असेल?

तर प्रश्न असा. राजाने गादी सोडली (मनाने सोडली किंवा सोडायला लावली) की तो सुटतो का? आणि मागे राहिलेल्यांचं काय होतं? वाचलेलं, ऐकलेलं, घरातलं, काहीही चालेल. फक्त सध्याच्या नेत्यांचे राजीनामे इथे आणू नका, हात जोडतो. मागच्या धाग्याला तिसऱ्या पानावर कुलूप लागलं होतं.

टवाळ

पहिला!

जुनी पेन्शन योजना होती म्हणून बाजीराव तरला. नवीन असती तर १८२५ लाच घाटावर भेळेची गाडी लावावी लागली असती.

बखरवाला

धागा चांगला आहे, पण सुरुवातच चुकली. बाजीरावाने सत्ता १८१८ ला सोडलीच नाही. ती गेली ३१ डिसेंबर १८०२ ला, वसईला. दिवाळीत यशवंतराव होळकराने हडपसरच्या लढाईत पेशव्याचा आणि शिंद्यांचा धुव्वा उडवला, बाजीराव पळाला तो वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला पोचला आणि तिथे तह केला. इंग्रजांच्या सहा पलटणी कायमच्या पदरी घ्यायच्या, त्यांच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, दुसऱ्या कोणाशी बोलायचं तर कंपनीला विचारून. याला राज्य म्हणायचं? मे १८०३ मध्ये इंग्रज फौजेने त्याला पुण्यात आणून गादीवर बसवला, तो बसवलेलाच राहिला. १८१८ ला फक्त खुर्ची काढून घेतली.

आता पेन्शन. माल्कमने ८ लाख कबूल केले म्हणून खुद्द गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज त्याच्यावर नाराज होता. माल्कमचा हिशोब व्यापाऱ्याचा होता. अशीरगड जवळ, बाजीराव तिथे शिरला तर वेढ्याचा खर्च किती आणि एका माणसाला पोसायचा खर्च किती? शिवाय पेशवे काय फार जगत नाहीत, असा सगळ्यांचाच समज. गंमत म्हणजे हेस्टिंग्ज गेला १८२६ ला, माल्कम १८३३ ला आणि पेन्शनवाला १८५१ पर्यंत बसून होता. अडीच कोटींच्या वर रक्कम उचलली. अफगाण युद्धाच्या वेळी कंपनीची तिजोरी आटली तेव्हा यानेच तिला ५ लाख दिले. कंपनीनेच दिलेले पैसे कंपनीलाच.

टवाळ

@बखरवाला, म्हणजे पगार देणाऱ्या मालकालाच महिनाअखेरीस उसने. असे कर्मचारी आता राहिले नाहीत.

खडीसाखर

राजे-महाराजे मला कळत नाहीत, पण 'घरातलं चालेल' लिहिलंय म्हणून लिहिते.

आमचं तालुक्याच्या गावी किराण्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी चाळीस वर्षं चालवलं. चार वर्षांपूर्वी दिवाळी पाडव्याला वहीपूजन झालं, तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी गल्ल्याची किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातावर ठेवली. "आता तू आणि तुझं दुकान." सासूबाईंच्या डोळ्यात पाणी. पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मामंजी दुकानात हजर! काउंटरच्या आत नाही हं, शब्दाचे पक्के. दाराशी स्टूल टाकून बसले, चप्पल पायरीवर. आजतागायत तिथेच आहेत. गिऱ्हाईक आत येताना त्यांना नमस्कार करतं आणि भाव त्यांनाच विचारतं. मार्केट यार्डातला अडत्या फोन त्यांनाच करतो. उधारी कोणाला द्यायची हे ते बोलत नाहीत, फक्त खोकतात. एकदा खोकले की द्यायची, दोनदा खोकले की नाही. नवऱ्याला हे कोड तीन महिन्यांनी कळलं. तोवर बावीस हजार अडकले होते.

किल्ली दिली म्हणजे दुकान दिलं असं नसतं, एवढंच मला समजलंय. पण स्टूल उचलायची कोणाची हिंमत नाही, आणि खरं सांगायचं तर उचलावं असं वाटतही नाही. ते नसले तर दुपारी तीन ते पाच गिऱ्हाईक फिरकणार नाही.

निप्पोनकर

खडीसाखर ताई, तुमच्या मामंजींना जपानमध्ये खास शब्द आहे: इनसेई. थट्टा करत नाहीये. सम्राट शिराकावाने १०८६ मध्ये आठ वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं, स्वतः 'निवृत्त' झाला आणि ११२९ ला मरेपर्यंत मागे बसून कारभार हाकला. गादीवरच्या सम्राटाचा दिवस सकाळ-संध्याकाळ विधी, पूजा, दरबारी रीतिरिवाज यातच जायचा. गादी सोडली की हात मोकळे! म्हणजे सत्ता हवी असेल तर आधी निवृत्त व्हा. पुढच्या काही सम्राटांनीही हाच कित्ता गिरवला.

मी तोक्योत अकरा वर्षं आहे. अकिहितोंनी ३० एप्रिल २०१९ ला पद सोडलं ते जवळून पाहिलं. जवळून म्हणजे ऑफिसातून, राजवाड्यातून नव्हे. 😀 इथे सरकारी फॉर्मवर सन सम्राटाच्या कालगणनेनुसार लिहितात. २०१९ सुरू झालं ते हेइसेई ३१ म्हणून, आणि १ मे पासून ते झालं रेइवा १. आमच्या टीमचं सहा महिने एकच काम, कुठल्या छापील फॉर्मवर आणि कुठल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये 'हेइसेई' चिकटवून ठेवलंय ते शोधायचं. नवीन नाव जाहीर झालं १ एप्रिलला, म्हणजे हातात एक महिना. तरी आमचा म्हातारा बॉस खूश होता. म्हणाला, १९८९ ला सम्राट हिरोहितो गेले तेव्हा हेच सगळं सुतकात करावं लागलं होतं, दुकानांवरच्या रंगीत पाट्यासुद्धा उतरवल्या होत्या. या वेळी लोक सलग दहा दिवस सुट्टी घेऊन फिरायला गेले.

आणि 'मला निवृत्त व्हायचंय' हे अकिहितोंना सरळ बोलताच येत नव्हतं. सम्राटाने राजकीय काही बोलायचं नाही असं राज्यघटना सांगते. म्हणून ऑगस्ट २०१६ मध्ये टीव्हीवरून ते फक्त वयाबद्दल बोलले, तब्येतीबद्दल बोलले, 'कर्तव्य पूर्वीसारखं जमेल का याची काळजी वाटते' म्हणाले. तो शब्द एकदाही उच्चारला नाही. सगळ्या देशाला कळलं. मग २०१७ मध्ये संसदेने खास कायदा केला, तोही फक्त त्यांच्यापुरता, एकदाच वापरायचा. त्याआधी कोकाकु सम्राटाने गादी सोडली होती ती १८१७ ला.

बखरवाला

१८१७! म्हणजे तिकडे सम्राट सुखाने निवृत्त झाला त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीची लढाई होऊन शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. हा योगायोग माझ्या कधी लक्षात आला नव्हता. वहीत टिपून ठेवला.

खोकल्याचं कोड मात्र पेशवाईत कोणाकडे नव्हतं. असतं तर वसई टळली असती.

सात_बारा

तलाठी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त (पेन्शनवाला, जुनी योजना, टवाळने जळू नये).

'राजीनामा' या शब्दाकडे कोणी बघितलं नाही म्हणून अवांतर करतो. आज आपण तो फक्त नोकरी सोडण्यासाठी वापरतो. जुन्या महसुली दप्तरात राजीनामा म्हणजे खातेदाराने 'मी ही जमीन राजीखुशीने सोडत आहे' असं लिहून देणं. त्याच्या जोडीला असायची कबुलायत, म्हणजे ती जमीन घेणाऱ्याने 'मी सारा भरीन' असं कबूल करणं. दोन कागद एकाच दिवशी, एकामागे एक. नुसता राजीनामा आला आणि कबुलायत नाही आली, तर ती जमीन सरकारजमा.

राजांचंही तेच आहे की. बाजीरावाने राजीनामा दिला, कबुलायत कोणाची? कंपनीची. अकिहितोंची कबुलायत मुलाने दिली. आणि 'राजी' शब्दावर जाऊ नका. माझ्याकडे आलेले निम्मे राजीनामे सावकार शेजारी बसवून लिहिलेले असायचे, अंगठा उठवताना हात कापायचा.

पायवाट

@सात_बारा, दंडवत घ्या. राजीनामा आणि कबुलायत. यासाठीच धागा काढला होता.

सातारी_कंदी

साताऱ्याचं नाव अजून आलं नाही म्हणजे कमाल झाली. आमच्याकडे सही न करणारा राजा होऊन गेला.

छत्रपती प्रतापसिंह महाराज. १८३९ ला इंग्रजांनी कटाचे आरोप ठेवले. मुंबईचा गव्हर्नर कार्नाक साताऱ्यात आला आणि म्हणाला, चूक झाली असं लिहून द्या, पुढे नीट वागेन म्हणा, गादी राहील. महाराजांनी नकार दिला. केलंच नाही ते कबूल कसं करू? गादी गेली, काशीला रवानगी झाली, तिथेच १८४७ ला वारले. त्यांच्या बाजूने दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले ते चौदाएक वर्षं तिथे खेटे घालत राहिले. इकडे भावाला गादीवर बसवलं. तो १८४८ ला गेला आणि औरस वारस नाही म्हणून राज्यच खालसा.

आता हिशोब मांडा. सही करणारा बाजीराव ८ लाख घेऊन बिठूरला, सही न करणारा प्रतापसिंह काशीला. दोघंही गंगेकाठी. पण साताऱ्यात आजही प्रतापसिंहांचं नाव घेताना माणसं सावरून बसतात.

आणि राजीखुशीने सत्ता सोडलेला राजा हवा असेल तर तोही आमच्याच जिल्ह्यातला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. ७२ गावांचं संस्थान, तेही तुकड्यातुकड्यांत, औंध इकडे तर आटपाडी तिकडे. १९३८ ला वाढदिवसाच्या दरबारात त्यांनी जाहीर केलं की कारभार प्रजेकडे देणार. मुलगा अप्पासाहेब नुकता विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला आणि सोबत मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर, अंगात खादी आणि नाव भारतानंद. हे दोघे मसुदा घेऊन गांधीजींकडे गेले. जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना लागू झाली. गावात निवडलेली पंचायत, वर तालुक्याची समिती, त्यावर विधिमंडळ. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं बाकी होती.

माझे आजोबा आटपाडीकडचे. ते सांगायचे, पंचायतीची पहिली बैठक झाली तेव्हा राजवाड्यातून आलेला कारकून कोपऱ्यात बसून होता आणि लोक सवयीने त्याच्याकडेच बघून बोलत होते. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "माझ्याकडं काय बघता, तुम्हीच ठरवायचंय."

एकशेएक

सातारी_कंदी, लेख गोड आहे, पण जरा थंडाई घ्या. औंधकरांनी गादी सोडली नव्हती. राजे राजेच राहिले, सूर्यनमस्कार चालू, चित्रं काढणं चालू. वर इंग्रज सार्वभौम होतेच, सैन्य नाही, परराष्ट्र नाही. ७२ गावांच्या संस्थानात सोडण्यासारखी सत्ता ती केवढी? ८ मार्च १९४८ ला विलीनीकरणात आसपासची बहुतेक संस्थानं गेली, औंधही गेलं. मग फरक काय पडला?

सातारी_कंदी

फरक असा की बाकीच्यांची १९४८ ला काढून घेतली, यांनी नऊ वर्षं आधी स्वतःहून दिली. नऊ वर्षांत गावची माणसं हिशोब लिहायला, भांडायला आणि भांडण मिटवायला शिकली. शिक्षा झालेले कैदी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला भिंतीविना राहून शेती करायला लागले. त्यावरून निघालेला गाजलेला सिनेमा तुम्हीही पाहिला असेल. ती वसाहत राज्य गेलं तरी टिकली.

आणि सूर्यनमस्कारांवर बोलू नका, त्याने तुमचंच भलं होईल.

एकशेएक

माझी पाठ धरलीय, म्हणून त्या विषयावर माघार. बाकी मुद्दा कायम. मोठी सत्ता हातात असताना सोडलेला एक तरी राजा दाखवा.

हिरवा_कंदील

दाखवतो. रोमन सम्राट डायोक्लेशियन, १ मे ३०५. अख्खं रोमन साम्राज्य हातात, वीस वर्षं गाजवलेली. सैन्यासमोर उभा राहून अंगावरचं जांभळं वस्त्र उतरवलं आणि समुद्रकाठी बांधून ठेवलेल्या वाड्यात राहायला गेला. तो वाडा आज क्रोएशियात स्प्लिट शहराच्या मधोमध आहे, लोक त्यात भाड्याने राहतात, तळमजल्यावर कॅफे आहेत. तीन वर्षांत मागे इतकी बजबजपुरी माजली की 'परत या' म्हणून विनवण्या झाल्या. त्यावर त्याने सांगितलं म्हणतात की, मी लावलेला कोबी तुम्ही बघितला असता तर हे मागणं केलं नसतं.

कोबीची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कोणी सांगत नाही. त्याची मुलगी व्हॅलेरिया. नवरा वारल्यावर नव्या सम्राटाने तिला मागणी घातली, तिने नाही म्हटलं, त्याने तिची मालमत्ता जप्त करून तिला हद्दपार केलं. म्हाताऱ्या बापाने 'मुलीला माझ्याकडे पाठवा' म्हणून परत परत निरोप धाडले. ज्याला हे निरोप जात होते तो त्याच्याच व्यवस्थेत वर चढलेला माणूस. मुलगी काही पाठवली नाही. बाप गेल्यावर दुसऱ्या एका सम्राटाने तिला आणि तिच्या आईला ठार केलं.

गादीवर असता तर त्या माणसाची तिच्याकडे मान वर करून बघायची टाप झाली असती का? गादी सोडताना त्याने स्वतःची सोय केली. वाडा बांधला, कोबी लावला. मुलीची सोय राहिली.

खडीसाखर

हे वाचून जेवण गेलं नाही हो.

पायवाट

@हिरवा_कंदील, तुमचं वाचलं आणि बिठूरच आठवलं. बाजीराव गेल्यावर पेन्शन दत्तक मुलाला, नानासाहेबाला मिळावी म्हणून अर्जांवर अर्ज गेले. मूळ करारात 'स्वतःच्या आणि कुटुंबाच्या' निर्वाहासाठी असं म्हटलं होतं, त्याचाच आधार होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने नाही म्हटलं. वडिलांनी एवढी उचलली आहे, त्यातून भागवा. मग नानासाहेबाने आपला वकील अझीमुल्लाखान याला लंडनला पाठवलं, तिथेही नकार. आणि बाजीरावामागोमाग देश सोडून आलेली शेकडो मराठी माणसं बिठुरात होती, त्यांच्या चुली त्याच ८ लाखांवर पेटायच्या. टोप्यांचं घर त्यातलंच. तांबेही त्याच गोतावळ्यातले, म्हणून मनू तिथे वाढली. १८५७ नंतर इंग्रजांनी वाडा पाडला. मी गेलो तेव्हा नावाड्याने लांबूनच हात दाखवला. उतरून बघण्यासारखं फार काही नाही, असंही म्हणाला.

टवाळ

वातावरण फार गंभीर झालं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने सव्वीस जानेवारीला सर्वसाधारण सभेत पद सोडलं. टाळ्या, शाल, नारळ. फेब्रुवारीत पाण्याची मोटर जळली तेव्हा कळलं की मोटरवाल्याचा नंबर, टाकीच्या झाकणाची किल्ली आणि लिफ्टच्या कंपनीचा पासवर्ड तिन्ही त्यांच्याकडे. फोन केला तर म्हणतात, "मी आता पदावर नाही." तीन दिवस बादल्या. चौथ्या दिवशी त्यांना परत बिनविरोध निवडून दिलं.

निप्पोनकर

इनसेई, खोकल्याशिवाय.

इंदुरी_पोहे

उशिरा आलो, अपने इंदूरचं कोणी लिहिलं नाही म्हणून राहवलं नाही. होळकरांकडे लागोपाठ दोन राजांनी गादी सोडली आहे.

आधी शिवाजीराव, १९०३. लहरी माणूस. सराफांना बग्गीला जुंपून शहरात फिरवल्याची गोष्ट आमच्याकडे सराफ्यात जिलबी खाताना अजून सांगतात. खरी-खोटी सराफ जाणे. त्यांनी गादी सोडली तेव्हा मुलगा तुकोजीराव बारा वर्षांचा. मग तुकोजीराव. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला खून प्रकरण झालं. अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याच्या मोटारीत मुमताज होती, जी आधी इंदूर दरबारात नाचायची. हल्ला झाला, बावला मारला गेला, गोल्फ खेळून परतणारे इंग्रज अधिकारी मध्ये पडले म्हणून मुमताज वाचली. मारेकरी निघाले इंदूरकडचे. महाराजांवर खटला चाललाच नाही. सरकारने दोन रस्ते ठेवले, चौकशी आयोगाला सामोरे जा नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी यशवंतरावांसाठी गादी सोडली. तेही अल्पवयीन, पूर्ण अधिकार मिळाले १९३० ला.

आता बघा गंमत. बाप गादी सोडतो, पोरगा लहान, मग कारभार कोण करणार? मंत्र्यांचं मंडळ, आणि मंडळाच्या मानेवर रेसिडेंट साहेब, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी. म्हणजे रेसिडेन्सीला लढाई न करता, खालसा न करता राज्य मिळतं, नाव होळकरांचंच. सात_बारा काकांच्या भाषेत, राजीनामा बापाचा, कबुलायत पोराच्या नावाची, सारा घेणार तिसराच.

तुकोजीराव मात्र खचले नाहीत. १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं, आधी शुद्धी होऊन ती शर्मिष्ठाबाई झाली. तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत किती शाई सांडली असेल! वारले ते १९७८ ला, पॅरिसमध्ये. गादी सोडल्यावर बावन्न वर्षं. बाजीरावाचा विक्रम मोडला.

एकशेएक

हे बावला प्रकरण आणि इंग्लंडचा आठवा एडवर्ड यात दहा वर्षांचंच अंतर आहे. दुसऱ्यांना गादी सोडायला लावणाऱ्यांच्याच घरात १९३६ ला तोच प्रसंग आला. तो तर वर्षभरही टिकला नाही. गादी सोडल्यावर पैशांवरून भावाला परदेशातून इतके फोन करायचा की शेवटी राजाने त्याचे फोन घेणंच बंद केलं. मग युद्ध लागलं तेव्हा बहामा बेटांवर गव्हर्नर म्हणून पाठवला. त्यांचं बिठूर.

हिरवा_कंदील

एकशेएक, मोठी सत्ता सोडलेला राजा मागितला होतात, दिला. उत्तर आलं नाही.

एकशेएक

दिलात, मान्य. पण तुमच्याच गोष्टीवरून मला वाटतं की त्याने सोडायला नको होती. निदान मुलीसाठी. भवानरावांबद्दल मात्र मत थोडं बदललंय. त्यांनी मुलगा बाजूला ठेवला नाही, त्यालाच मसुदा लिहायला बसवला.

सातारी_कंदी

🙏 बास, एवढंच हवं होतं. कंदी पेढे पाठवतो.

खडीसाखर

काल रात्री हा सगळा धागा मामंजींना वाचून दाखवला. बाजीरावाचं ऐकून म्हणाले, "आठ लाख? तेही बसून? मग त्यांना खोकायची काय गरज." मी म्हटलं, मामंजी, तुम्हाला माहीत होतं आम्हाला कळलंय ते? तर म्हणाले, तो खोकल्याकडे कान लावून असतो हे पहिल्या महिन्यापासून माहीत होतं, म्हणून तर मुद्दाम चुकीचं खोकलो, तो स्वतः माणूस ओळखायला शिकतो का ते बघायला. बावीस हजारांचं कारण हे!!

नवरा दोन तास बोलला नाही. आज सकाळी स्टूल स्वतः पुसून ठेवलं.

टवाळ

ताई, तुमच्या मामंजींना पुण्याच्या गादीवर बसवा, मी वसईला बोट अडवतो.

पायवाट

पुढच्या महिन्यात सुट्टी आहे, औंध करायचं ठरवलंय. पुण्याहून सकाळी निघून रात्री परत. कोणी येतंय का? संग्रहालय कुठल्या वारी बंद असतं?

सातारी_कंदी

वार फोन करून विचारा, जाऊन कुलूप बघण्यापेक्षा ते बरं. संग्रहालय यमाईच्या डोंगरावरच आहे, देवीचं दर्शन एकाच चढाईत होईल. हेन्री मूरचं दगडी शिल्प आहे ते चुकवू नका, लोक चित्रं बघून परत फिरतात. मी साताऱ्यातून येतो, पेढे माझ्याकडे.

एकशेएक

मी येतो. पायऱ्या किती आहेत? पाठ.

सातारी_कंदी

सूर्यनमस्कार घाला, अजून महिना आहे.